फंडपेटीतलं ‘लाखी’ नाणं नेमकं कुणाचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ३४ वर्षांचा, फोंडा तालुक्यातला, कुंडईला एका कारखान्यात नोकरी करतो. आमच्या देवळात आम्ही महाजन, म्हणजे देवस्थानचे पिढीजात सभासद, त्यामुळे महिन्यातून एकदा फंडपेटी उघडली की चिल्लर मोजायला मी असतोच. नाण्यांचा नाद शाळेपासून आहे. गेल्या दोन वर्षांत मोजताना काही वेगळं दिसलं की मी ते बाजूला काढतो आणि खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं पेटीत टाकतो, अशी चौदा नाणी झालीत. त्यातलं शेवटचं पाच रुपयांचं पिवळं, एका बाजूला सिंह नेहमीसारखा आणि दुसऱ्या बाजूला तोच सिंह उलटा, आत खोल गेलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला तर सगळे ‘लाखी, लाखी’ (टांकसाळीच्या चुकीने एकच बाजू दोन्हीकडे उमटलेलं नाणं) करायला लागले, आणि एकाने फोन करून तीन लाख देतो म्हटलं, त्याआधी २,१५० रुपये रजिस्ट्रेशन भरायला सांगतोय. बायको म्हणते देवाचं आहे, गुपचूप परत टाका. मित्र म्हणतो पाचाला पाच दिलेस, विषय संपला. मला मात्र रात्री झोप नाही. शिवाय आजीच्या डब्यात पोर्तुगीज काळातली तांब्याची नाणी आहेत, त्यातल्या एकावरचा छाप पार एका बाजूला सरकलाय, तोही एररच, म्हणजे टांकसाळीतली चूकच ना? काय करू?

अरे, नाव-गाव कुठेच येणार नाही, निश्चिंत रहा. फोंड्यात देवळं किती आणि त्यात चिल्लर मोजणारे महाजन किती, कुणाला पत्ता लागायचा नाही. वयाने माझ्या धाकट्याएवढा आहेस म्हणून सरळ अरेतुरे करते. आणि हा नाद काय असतो ते मला सांगायला नको, मी एकतीस वर्षं बँकेत कॅशला काढलीत, चिल्लरीच्या थैल्या मोजून बोटं काळी व्हायची आणि घरी आलं की सासूबाई आधी हात धुवायला लावायच्या, मगच स्वयंपाकघरात एंट्री.

आधी त्या फोनवाल्याचं मिटवू. एक रुपयाही भरू नकोस. ज्याला खरंच विकत घ्यायचंय तो पैसे देतो रे, मागत नाही. आज रजिस्ट्रेशन, उद्या जीएसटी, परवा कुरियरचा इन्शुरन्स, आणि मग रिझर्व्ह बँकेचा शिक्का मारलेलं कसलंतरी सर्टिफिकेट पाठवतील, त्याचे वेगळे. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढून स्वच्छ सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही, आम्ही कसलंही कमिशन घेत नाही आणि आमच्या नावाने घ्यायला कुणाला सांगितलेलंही नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं २०१२ चं नाणं दहा लाखाला जातं म्हणून जे व्हिडिओ फिरतात ना, ती सगळी याच गोत्रातली मंडळी. आधीच काही भरलं असशील तर लाजू नकोस, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आजच्या आज कळव.

आता एक विचारते, रागावू नकोस. चौदातली पहिली तेरा नाणी उचललीस तेव्हा तुला झोप लागत होती ना? लागतच असणार, नाहीतर दोन वर्षं चाललंच नसतं. मग चौदाव्याने काय बिघडवलं? बदलायची पद्धत तीच, पेटी तीच, तूही तोच, नवीन काय आलं तर तो तीन लाखांचा आकडा, आणि तो तर खोटाच आहे. तो आकडा काढून टाक आणि मग आपण बोलू, आधी नाण्याबद्दल आणि मग देवाबद्दल.

तू लिहिलंयस ‘लाखी आहे हे नक्की’. कशावरून? फोटोवरून दहा जणांनी सांगितलं म्हणून? लाखी होते कशी ते एकदा डोळ्यासमोर आण. टांकसाळीत कोरी चकती दोन ठशांच्या मधे येते, भोवती कॉलर म्हणजे धातूचं कडं असतं, एक दणका बसतो आणि दोन्ही बाजू एकदम उठतात, नाणं बाहेर फेकलं जातं. कधीतरी ते फेकलं जात नाही, एका ठशालाच चिकटून बसतं. तोवर पुढची चकती आत आलेली असते, तिला एका बाजूने खरा ठसा लागतो आणि दुसऱ्या बाजूने ठशाच्या जागी हे चिकटलेलं नाणं. त्याच्यावर सिंह उठलेला, तो या चकतीत रुततो, म्हणून उलटा आणि खोल दिसतो. म्हणजे खऱ्या लाखीत सिंहाच्या मागे दुसरं काही असूच शकत नाही, कारण त्या बाजूला पाचाचा ठसा कधी लागलेलाच नाही.

खोटी लाखी करणारे काय करतात, दोन चांगली नाणी एकमेकांवर ठेवून वाईसमध्ये आवळतात किंवा हातोडा घालतात. तिथे सिंह रुततो खरा, पण खाली आधीचा ‘५’ आणि फुलांची नक्षी दबून राहिलेली असते, भिंगाखाली तिरका उजेड टाकलास की भुतासारखी वर येते. आणि दाब दोन्हीकडून बसतो, त्यामुळे चांगल्या बाजूचा सिंहही चपटा झालेला असतो, नाक-डोळे गेलेले. मी स्वतः फसलेय म्हणून सांगते. एका जत्रेत एकाने दोन रुपयांची लाखी म्हणून गळ्यात मारली, बाराशे रुपये मोजले, सहा महिने मिरवली, आणि एक दिवस नातीला दाखवताना नातच म्हणाली, आजी याच्यात मागे दोनाचा आकडा दिसतोय. 😄 अजून ठेवलंय ते नाणं, विकत नाही, अद्दल म्हणून.

तेव्हा दहापट मोठं दाखवणारं भिंग घे आणि शून्य पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घे, दोन्ही मिळून फार नाही पडत, त्या २,१५० पेक्षा कमीच. तुझं नाणं पिवळं, म्हणजे २००९ नंतरचं निकेल-पितळेचं, २०१९ च्या नव्या मालिकेआधीचं असेल तर ते साधारण ६ ग्रॅम भरायला हवं आणि व्यास २३ मिलिमीटर. लोहचुंबकाला ते चिकटत नाही. रुतलेला सिंह धारदार आणि मूळ मापाचा असेल तर ते चिकटलेल्या नाण्यावर पडलेलं अगदी पहिलंवहिलं, ते चांगलं मानतात. मोठा, पसरलेला, धूसर असेल तर चिकटलेलं नाणं दणके खाऊन पसरल्यावरचं, तेही खरंच पण मान थोडा कमी.

उरलेल्या तेरांचं तू वर्णन दिलंयस ते वाचून मला वाटतं निम्म्याहून जास्त सरळ फंडपेटीत परत जातील. सालाखाली खूणच नाही, मिंटमार्क गायब, म्हणून तू दोन ठेवलीस. अरे कोलकात्याची टांकसाळ खूण टाकतच नाही! मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि काहीच नाही म्हणजे कोलकाता. दहाच्या नाण्यावर एकावर १५ रेषा आणि एकावर १०, ती चूक नाही, डिझाइन बदललं २०११ ला, रुपयाचं चिन्ह आलं तेव्हा. २०१८ मध्ये तर रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाची चौदा डिझाइन्स चालू आहेत आणि सगळी खरी आहेत, दुकानदार घेत नव्हते म्हणून. क्रॉससारखी खूण असलेलं दोन रुपयांचं २००६ चं, तेही ठरवून केलेलं डिझाइन, त्यावर तेव्हा वाद झाला आणि २००७ पासून हाताच्या मुद्रा आल्या. आणि ‘दोनाचा छाप चुकून एक रुपयाच्या चकतीवर पडलाय’ असं जे तू म्हणतोस ते सिद्धच करता येणार नाही, कारण २०११ च्या डिझाइनचं दोन रुपयांचं आणि त्याआधीचं स्टीलचं एक रुपयाचं, दोघांचं माप २५ मिलिमीटर आणि वजन ४.८५ ग्रॅम, एकच.

‘डबल अक्षरं’ हा सगळ्यात मोठा घोटाळा. ठसा बनवतानाच त्याच्यावर अक्षर दोनदा उमटलं तर त्या ठशातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर ते तसंच, तिथेच येतं, दोन्ही अक्षरं गोल आणि भरीव, टोकाला दुभंगलेली. तो ठशातला फरक, त्याला किंमत. दणका बसताना ठसा जरा हलला तर अक्षराच्या कडेला चपटी पायरी दिसते, जणू कुणी विळीने तासलंय, आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं. त्याला कुणी विचारत नाही. स्टीलच्या नाण्यांवर हे ढिगाने मिळतं. तुझ्या दोन रुपयांच्या फोटोत मला पायरीच दिसली.

आणखी एक साधी गोष्ट, नखाने कळते. रेघ वर उठलेली आहे की खाली गेलेली? ठसा तडकला तर धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उठून येते. खाली गेलेली रेघ म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी खिशातल्या किल्लीने ओरखडलेलं. कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नसेल तर त्याच्या बरोबर समोरची कड बघ, खरोखर कोऱ्या चकतीतच तुकडा कमी असेल तर समोरची कडसुद्धा बारीक, दबकी उठते. ती ठणठणीत असेल तर कुणीतरी कानस चालवलीय. आणि सिंह सरळ धरून नाणं पुस्तकाचं पान उलटतो तसं उलट, आपल्याकडे मागची बाजूही सरळ यायला पाहिजे, तिरकी आली तर ठसा फिरलाय. दहा-पंधरा अंश फिरलेली मी शेकड्यांनी पाहिलीत, पार उलटं आलं तर मला कळव.

आजीच्या नाण्याचं. छाप सरकलाय म्हणून एरर म्हणू नकोस. जुन्या गोव्याच्या टांकसाळीतली बझारूकांसारखी हलक्या किमतीची नाणी हातोड्याने पाडलेली, चकती वाकडी, छाप कुठेही, तिथे सरकलेला छाप हेच नेहमीचं आणि बरोब्बर मधे बसलेलंच नवल. चूक ठरवायला आधी ‘बरोबर’ काय होतं ते माहीत लागतं ना. १८८१-८२ चा पोर्तुगालच्या लुईस राजाचा रुपया बघ, तो ब्रिटिश-पोर्तुगीज तहानुसार ब्रिटिशांच्या टांकसाळीत मशीनवर पडला, त्यावर छाप सरकलेला असेल तर मात्र बात वेगळी. पणजीला जीपीओजवळ टांकसाळीची जुनी इमारत अजून उभी आहे, आजीच्या डब्यातलं ते नाणं खिशात घालून एकदा तिच्यासमोर उभा राहून ये, मला तर अंगावर काटा आला होता. आणि ती शंभर वर्षांवरची असतील तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, बाहेरगावच्या म्हणजे परदेशातल्या कुणाला पोस्टाने पाठवायच्या भानगडीत पडू नकोस.

चूक वेगळी आणि ठशातला फरक वेगळा हे जाताजाता सांगते. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया माहितीय? राजाच्या गळ्यातल्या साखळीत हत्ती होता, पण सोंड आखूड पडली आणि लोकांना तो डुक्कर वाटला. बोंब झाली, सुमारे ९४ लाख पाडलेल्यातले जेमतेम ७ लाख बाहेर गेले होते, बाकी वितळवले आणि १९१२ ला हत्ती सुधारला. टांकसाळीत काही चुकलं नव्हतं, सगळे रुपये सारखेच. तरी तो वेगळा ठेवतात.

बरं, देवाकडे येऊ. मित्र म्हणतो पाचाला पाच दिलेस. आता तुझं नाणं समोर ठेव आणि त्याच्यावर ‘५’ शोध. नाहीये! दोन्हीकडे सिंह, आकडा नाही, सालही नाही. तुला ते पाचाचं आहे हे रंगावरून आणि मापावरून कळलं. दुकानात दिलंस तर दुकानदार परत करेल. म्हणजे ‘पाचाला पाच’ हा हिशेब त्या नाण्यानेच मोडीत काढला. आणि समज पाच लिहिलेलं असतं, तरी आपल्याकडे पावणीत काय होतं? देवासमोर आलेला नारळ, केळीचा घड, फणस, बोली लावून घेतात, बाजारात चाळीसचा नारळ पावणीत पाचशेला जातो, तेव्हा कुणी उठून म्हणतं का की बाजारात चाळीस आहेत, हे घ्या चाळीस आणि द्या नारळ? देवाकडे आलेल्या वस्तूला जो भाव येईल तो देवाचा, हे तुझ्या आजोबांपासून तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नाण्याच्या बाबतीतच ते का विसरायचं?

पण तू चोर आहेस असंही मला वाटत नाही हं. मीसुद्धा बँकेत नाणी बदललीत. फरक एवढाच की आमचे हेडकॅशियर समोर असायचे, मी हात वर करून दाखवायची, ते म्हणायचे घ्या बाई, एकदा मात्र म्हणाले हे नको, हे वर पाठवू. त्या एका ‘नको’मुळे बाकीची सगळी माझी झाली. तुझ्याकडे तो ‘नको’ म्हणणारा माणूसच नाही, मोजणारा तू, पारखणारा तू आणि घेणाराही तूच. टेबलावर बाकीचे चारजण बसतात त्यांना यातलं काही कळत नाही, तू त्यांच्या न कळण्याचा फायदा घेतोयस, हे तुला आतून टोचतंय बहुतेक.

बायको म्हणते गुपचूप परत टाक. तिचं मन चांगलं आहे पण त्यातल्या ‘गुपचूप’ला माझी हरकत आहे. पेटीत टाकलंस तर पुढच्या महिन्यात ते चिल्लरीच्या थैलीतून बँकेत जाईल, तिथून कुठेतरी, देवाला पाचच मिळतील आणि तेही आकडा नसलेलं बघून कुणी बाद केलं तर तेही नाही. कौल लावायचाही विचार तू लिहिलायस. तो लाव बाबा, तुझी श्रद्धा, पण देवाला लाखी खरी की खोटी ते विचारू नको, त्याला भिंग नसतं. 😄

मला वाटतं असं कर. आधी वर सांगितलं तसं तपासून चौदाची वर्गवारी कर. साधी निघालेली पुढच्या मोजणीला सगळ्यांसमोर परत टाक आणि तेवढे आपले पैसे परत घे. खरी उरतील ती, दोन असोत की चार, एका पाकिटात घालून अध्यक्षांना आणि खजिनदाराला एकत्र भेट. एकट्या अध्यक्षांना नको, मग ती दोघांची कुजबुज होते. सरळ सांग, मला नाद आहे, मी अशी अशी नाणी बदलून घेतली, तेव्हा लक्षात आलं नाही, आता आलं. पहिली पाच मिनिटं जड जातील. कुणीतरी टोमणा मारेल. मारू दे. आपल्या देवळांचा कारभार १९३३ च्या देवस्थान कायद्याखाली चालतो, वरती मामलेदार प्रशासक, हिशेब त्यांच्यापर्यंत जातो, त्यामुळे तोंडी ‘असू दे असू दे’ वर समाधान मानू नकोस, कमिटीच्या मिनिट्समध्ये दोन ओळी लिहून घे. तुझ्याच सोयीचं आहे ते, उद्या कमिटी बदलते आणि नव्यांना जुनं उकरायची हौस असते.

पुढे कमिटी तीनपैकी एक ठरवेल. लिलाववाल्यांकडे पाठवून विकायचं आणि पैसे फंडात. किंवा देवळात ठेवायचं, पण त्याची निगा कोण ठेवणार, आपल्या पावसात. किंवा जत्रेच्या पावणीत. मला पावणी फार आवडेल, तूही बोली लावू शकशील, पण एका अटीवर, बोलीआधी तू स्वतः माइक घेऊन सांगायचं की हे काय आहे आणि साधारण कितीला जातं. नाहीतर परत तेच, माहिती तुझ्याकडे आणि बाकीचे अंधारात. भाव काढायचा तर लोकांनी मागितलेले आकडे बघू नकोस, मागायला काय जातंय, लिलावात खरंच हातोडा पडलेला आकडा बघ, मागच्या लिलावांचे कॅटलॉग निकालासकट बघायला मिळतात. लाखात जाईल असं मला अजिबात वाटत नाही, पण पाचापेक्षा खूप वर जाईल.

आणि हे मोजायला बसणाऱ्या सगळ्यांसाठीच, बसवरचे कंडक्टर असोत, सोसायटीचे कॅशियर की देवळातले. स्वतःच्या दुकानातला गल्ला असेल तर काय हवं ते काढून घ्या, तुमचंच आहे. दुसऱ्याची कॅश असेल तर बदलण्याआधी दाखवा, बदलल्यावर नव्हे. नाणं धुवायचं नाही, चिंच नाही, आमसूल नाही, पितांबरी तर नाहीच, चकाकी आली की किंमत गेली. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त अल्बममध्ये आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यात हिरवा चिकट थर येतो, पीव्हीसी नसलेले होल्डर मागून घ्या आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आणि नाणी ठोकून-वितळवून ‘एरर’ बनवायचा उद्योग कुणी शिकवत असेल तर २०११ च्या नाणे कायद्यात त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तुझी पुढची मोजणी कधी ते लिहिलेलं नाहीस. त्याआधी तो काटा आण, आणि नाणं किती ग्रॅम भरलं ते मला कळव, माझीही झोप आता तिथेच अडकलीय.